‘रापलेला’ ते ‘डी-टॅन’

गेल्या रविवारी ताईने व्हॉट्सॲपवर भाचीचा बायोडाटा पाठवला. खाली मेसेज, “तू पत्रकार ना, जरा शुद्धलेखन बघून दे.” बघितलं. जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं नाव (म्हणजे माझं, बरं वाटलं). आणि रक्तगटाच्या खाली एक ओळ : वर्ण – निमगोरी.

व्याकरण बघायचं तर ‘वर्ण – निमगोरा’ हवं. एवढं दुरुस्त करून परत पाठवलं असतं तर काम संपलं होतं. पण हात तिथेच थांबला. माझी भाची निमगोरी नाही. ती सावळी आहे. तिची आई सावळी, मी सावळा, आमचे अण्णा तर चक्क काळे होते. आणि या ‘निमगोरी’ शब्दाशी माझा एक जुना हिशेब बाकी आहे. तो आज लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी एक कबुली. गोऱ्या रंगाचं वेड आपल्याला जाहिरातींनी लावलं असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. ‘गोरीपान’, ‘गोरीगोमटी’ हे शब्द कुठल्या कंपनीने बनवले नाहीत. ‘काळीबेंद्री’ही आपलाच. गरोदर बाईला केशराचं दूध का पाजायचे, ते सगळ्यांना माहीत आहे. “रंगाने काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे” या वाक्यातला ‘असली तरी’ आपल्या आज्यांनीच घातला. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या दर्शनाला लाखो लोक पायी चालत जातात तो पंढरपूरचा विठोबा सावळा, आणि त्या सावळेपणाचं संतांनी शतकानुशतकं कौतुक केलं. म्हणजे दोन्ही गोष्टी आपल्याकडे होत्या. देव सावळा चालायचा, सून गोरी लागायची.

जाहिरातीने काय केलं, तर या वेडाला बाटलीत भरलं आणि त्यावर किंमत छापली.

पहिला शब्द आला ‘स्नो’. ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये मुंबईत ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं. निळ्या काचेची बाटली. जुन्या घरांत आजही फडताळात टाचण्या-बटणं ठेवायला सापडेल कदाचित. स्नो म्हणजे बर्फ. आमच्या कोकणात बर्फ कुणी पाहिलाय? मासळीवर टाकायचा तेवढाच. पण ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत असा रुळला की नटण्यामुरडण्याला दुसरा शब्दच उरला नाही. “स्नो-पावडर लावून निघाली” हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी असायचं आणि त्यात थोडा टोमणाही असायचा. इंग्रज राज्य करत असतानाच्या काळात पांढऱ्या बर्फाचं नाव असलेली वस्तू एका देशी उद्योजकाने बनवली, आणि ती देशी लोकांनी हौसेने घेतली. यातलं काय स्वदेशी आणि काय नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग सिनेमा आला. लक्स साबणाच्या जाहिरातीत आधी हॉलिवूडच्या नट्या असायच्या. १९४१ मध्ये त्या जागी पहिली भारतीय नटी आली ती आपली मराठी, लीला चिटणीस. शिकलेली बाई, रंगभूमीवरून सिनेमात आलेली, ‘कंगन’मुळे देशभर माहीत झालेली. इथे जाहिरातीच्या भाषेत एक मोठा बदल झाला. तोवर साबण मळ काढायचा. आता साबण तुम्हाला ‘तिच्यासारखं’ करणार होता. मळ निघाला की नाही हे दिसतं, पण ‘तिच्यासारखी’ झाले की नाही हे कधीच पक्कं कळत नाही. म्हणून वडी संपली की दुसरी आणायची.

मधला एक किस्सा मला फार आवडतो. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला ‘विको’ सुरू केली. पुढे त्यांचं हळदीचं क्रीम आलं. त्याची जाहिरात ज्यांनी थिएटरात पाहिली असेल त्यांना आठवत असेल, हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक आहे, असं ती ठासून सांगायची. आपल्याला वाटायचं की हा संस्कृतीचा अभिमान. अभिमान असेलही, पण पाठीमागे अबकारी कराचाही मामला होता. औषध म्हटलं की कर कमी, प्रसाधन म्हटलं की जास्त. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने लागला. सांगायचा मुद्दा एवढाच की या धंद्यात शब्द हवेत उडवलेले नसतात. एकेका शब्दामागे पैशाचा हिशेब असतो.

आता मुख्य ट्यूबकडे येऊ. हिंदुस्तान लिव्हरची ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली. त्यातला मुख्य घटक नायसिनमाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. त्वचेतलं रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत कमी पोचावं असं त्याचं काम. जोडीला उन्हापासून संरक्षण देणारे घटक. आणि लगोलग, १ जानेवारी १९७६ पासून, दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली. मुंबई दूरदर्शन तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला ते सुरू झालं आणि तिथे मराठी बातम्या कोण द्यायची? स्मिता पाटील. सावळी, मोठ्या डोळ्यांची. लोक बातम्यांसाठी बघायचे की तिच्यासाठी, हा त्या वेळच्या माणसांना विचारायचा प्रश्न. ज्या पडद्यावर स्मिता पाटीलचा चेहरा घराघरांत पोचला, त्याच पडद्यावर पुढची पन्नास वर्षं तसल्या चेहऱ्याची दुरुस्ती कशी करायची ते शिकवलं गेलं.

त्या जाहिरातींची गोष्ट एकच असायची. मुलगी सावळी म्हणून उदास. खिडकीशी बसलेली. नोकरी नाही, स्थळ नाही. मग ट्यूब. मग चेहऱ्यांची एक ओळ, डावीकडून उजवीकडे उजळत जाणारी. मग मुलगी हसते, दार उघडतं, नोकरी मिळते. आमच्या इथल्या छोट्या पेपरांत ही जाहिरात कृष्णधवल छापली जायची तेव्हा शाई जास्त झाली की ‘आधी’चा चेहरा नुसता काळा ठिपका व्हायचा. नाक-डोळे काही दिसायचे नाहीत. छपाईवाला म्हणायचा, “तिचा तसाही काय उपयोग, गिऱ्हाईक ‘नंतर’चा बघतं.” विनोद म्हणून आम्ही हसलो होतो.

चेहऱ्यांची ती ओळ म्हणजे फूटपट्टी होती. त्याआधी आपल्याकडे रंगाला शब्द खूप होते, पण ते क्रमाने लावलेले नव्हते. सावळा, गव्हाळ, केतकी, काळाभोर, काळासावळा. प्रत्येक शब्दाला आपापली चव होती. ट्यूबवाल्यांनी त्यांची शिडी केली. आता तुम्ही सावळे ‘असत’ नव्हता, तुम्ही सहाव्या पायरीवर होतात आणि दुसरीवर जायचं बाकी होतं. शब्द वर्णन करायचा तो मार्क द्यायला लागला.

आता माझा हिशेब.

पत्रकारितेचा डिप्लोमा घेऊन मी २००२ च्या सुमारास एका स्थानिक पेपरात लागलो. नाव घेत नाही, कारण चूक पेपरची नव्हती, माझी होती. बातम्या लिहायला मिळतील म्हणून गेलो आणि सुरुवातीचे काही महिने छोट्या जाहिरातींच्या टेबलावर बसलो. हरवले-सापडले, घर भाड्याने, आणि वधू-वर. थळ, आक्षी, नागाव, रेवदंडा, पोयनाड, कुठून कुठून माणसं एसटीने यायची. वहीच्या कागदावर लिहून आणायची. मी शब्द मोजायचो, भाषा ‘नीट’ करायचो. त्या भाषेचा साचा ठरलेला होता : सुस्वरूप, गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. नसेल गोरी तर निमगोरी. तेही अगदीच ताणलं जात असेल तर गव्हाळ. त्याच्या खाली आमच्या टेबलावर शब्द नव्हता. ‘सावळी’ लिहिलं तर पत्रं येत नाहीत, असं मला आधीच्या माणसाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

एक दिवस खाडीकाठच्या गावातला एक बाप आला. कागदावर लिहिलं होतं : “मुलगी दहावी पास, शिवण येते, रंग काळा, स्वभावाने चांगली.” मी त्याला न विचारता ‘रंग काळा’ खोडलं आणि ‘गव्हाळ’ लिहिलं. शब्दही एक कमी झाला, पैसे वाचले. मदत केली असंच वाटलं मला. पावती फाडली. तो गेला.

महिन्याभराने तो परत आला. पाहुणे येऊन गेले होते. पोहे खाऊन, मुलीला बघून, बाहेर पडताना म्हणाले होते, “पेपरात तर गव्हाळ लिहिलं होतं.” मुलीने ते ऐकलं होतं. तो भांडला नाही. टेबलासमोर उभा राहून एवढंच म्हणाला, “मी लिवलं होतं तसंच छापायचं होतं ना, साहेब.” आणि नवीन जाहिरात न देता निघून गेला.

तो माणूस आपल्या मुलीबद्दल खरं बोलला होता आणि त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नव्हतं. लाज मी त्याच्या कागदावर आणून टाकली. मी कुठली ट्यूब विकत नव्हतो. पण ट्यूबवाल्यांची फूटपट्टी माझ्या टेबलावर होती, आणि मी ती फुकट वापरत होतो.

शब्दांनी लागतं का, असं कुणी विचारलं तर निदान आपण अलिबागकरांनी तरी ‘नाही’ म्हणू नये. “मी काय अलिबागहून आलोय का?” या एका वाक्यावर बंदी घाला म्हणून आपल्या तालुक्यातला माणूस मुंबई हायकोर्टात गेला होता. २०१९ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, असे विनोद सगळ्यांवर होतात, मनावर घेऊ नका म्हणाले. बरोबरच असेल. पण मुंबईच्या ट्रेनमध्ये ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी मान खाली गेली होती, हे मला आठवतं.

गंमत अशी, मी शब्द खोडत होतो त्याच सुमारास दिल्लीत अखिल भारतीय जनवादी महिला संघटना या जाहिरातींविरुद्ध लढत होती. त्यांतली एक जाहिरात वाईट होती. बाप मुलगा नाही म्हणून हळहळतो, मुलगी क्रीम लावते, हवाई सुंदरी होते, बापाला हॉटेलात कॉफी पाजते. मुलगी नकोशी आणि रंगही नकोसा, दोन्ही एकाच मिनिटात. तक्रारी मानवी हक्क आयोगापर्यंत गेल्या आणि २००३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने अशा जाहिराती थांबवायला सांगितल्या. ही बातमी आमच्या डेस्कवरही आली असणार. मला ती आठवत नाही. माझ्या कामाशी तिचा काही संबंध आहे असं तेव्हा वाटलंच नसेल.

पुरुषांचं म्हणाल तर मी स्वतः एक नमुना आहे. मुलगी बघायला जायच्या आदल्या रात्री ताईची ट्यूब चोरून लावली होती. सकाळी वर पावडरही थापली. अण्णा म्हणाले, “गिरणीवर गेला होतास का रे दळण आणायला?” थोड्याच दिवसांत, २००५ मध्ये, इमामीचं ‘फेअर अँड हँडसम’ आलं. त्याच्या जाहिरातीत बायकांचं क्रीम चोरून लावणाऱ्या मुलाची खिल्ली उडवली होती. मला वाटलं, यांना कुणी सांगितलं माझ्याबद्दल! मग कळलं की माझ्यासारखे घरोघर होते आणि कंपनीला ते बरोबर माहीत होतं.

त्याच क्रीमबद्दल दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१३ मध्ये ७९ रुपयांची ट्यूब घेऊन तक्रार केली की मी गोरा झालो नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहक मंचाने कंपनीला सुमारे १५ लाखांचा दणका दिला. त्यात कंपनीचा बचाव वाचण्यासारखा होता. नुसतं क्रीम पुरत नाही, सकस आहार, व्यायाम, चांगल्या सवयी, स्वच्छ राहणीमान हेही लागतं. मंच म्हणाला, हे ट्यूबवर कुठे लिहिलंय? आता त्या क्रीमचं नाव ‘स्मार्ट अँड हँडसम’ आहे.

एक वाद विद्यापीठांतही झाला. व्यवस्थापनशास्त्राचे प्रसिद्ध प्राध्यापक सी. के. प्रल्हाद यांचं म्हणणं, गरिबांनाही ग्राहक म्हणून मान द्या, छोट्या पाकिटात वस्तू द्या. गरीब बाई स्वतःच्या पैशाने क्रीम घेते तेव्हा तिला निवडीचं स्वातंत्र्य मिळतं, असा त्यामागचा विचार. मिशिगन विद्यापीठाचे अनिल कर्नानी यांनी २००७ मध्ये याच ट्यूबवर निबंध लिहून तो खोडला. त्यांचा मुद्दा असा की ज्या भेदभावामुळे बाई क्रीम घेते तोच भेदभाव क्रीमची जाहिरात पक्का करते, मग हे सबलीकरण कसलं? मी कर्नानींच्या बाजूचा. पण पाच-दहा रुपयांचं पाकीट स्वतःच्या कमाईतून घेणाऱ्या मुलीला वरून उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. तिला बाहेरचं जग कसं वागवतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नियम हळूहळू आले. जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था आहे, एएससीआय, १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली. तिने २०१४ मध्ये सांगितलं की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी, लग्नात-नोकरीत मागे पडलेलं दाखवायचं नाही. ‘आधी’च्या फोटोत चेहरा पाडलेला नको. म्हणजे चाळीस वर्षांची ती गोष्टच संपली. पुढे २०२० आलं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, जगभर रंगभेदावर चर्चा पेटली, आणि जुलैमध्ये ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. पाकिटावरचे दोन चेहरे आणि फूटपट्टी त्यांनी आदल्या वर्षीच काढली होती. लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमनेही त्याच जूनमध्ये रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली, तीही परदेशातल्या भारतीय मुलींनी सह्यांची मोहीम काढल्यावर.

संकेतस्थळावरून रंगाचा रकाना गेला. ताईच्या बायोडाट्यात अजून आहे.

आणि ‘गोरा’ शब्द गेला म्हणून काम थांबलं का? आपल्या बाजारपेठेतून एकदा पाट्या वाचत चला. ब्राइटनिंग, ग्लो, इव्हन टोन, प्री-ब्रायडल, आणि जवळपास प्रत्येक दरपत्रकावर ‘डी-टॅन’. चेहरा वेगळा, हात वेगळे, पाठ वेगळी, प्रत्येकाचा दर वेगळा. ‘गोरं करून देतो’ असं कुणीच म्हणत नाही. म्हणतात, ‘तुमचा मूळ रंग परत मिळवून देतो.’ या वाक्याची हुशारी बघा. तुम्ही मुळात गोरेच आहात, वर काहीतरी साचलंय. म्हणजे पुन्हा मळ. साबणाच्या जागी आपण परत आलो, फक्त आता मळ म्हणजे ऊन.

याला मराठीत शब्द होता : रापणे. उन्हावाऱ्याने रापलेला चेहरा. हा शब्द मी कधी शिवी म्हणून ऐकला नाही. रापलेला माणूस म्हणजे कामाचा, अनुभवी, समुद्र पाहिलेला. अण्णा कुणाबद्दल ‘रापलेला गडी आहे’ म्हणाले की समजायचं, माणूस भरवशाचा. या तालुक्यात रापल्याशिवाय पोट भरत नव्हतं. होडी, मिठागर, भातशेती, वाल, पांढरा कांदा, मासळीची पाटी, सगळं उन्हात. ‘टॅन’ हा त्याचाच इंग्रजी शब्द, पण अर्थाने उलटा. रापणं मिळवायची गोष्ट होती, टॅन काढायची गोष्ट आहे. मुंबईहून मांडव्याला उतरणारे लोक दोन दिवस ऊन खाऊन सोमवारी ते उतरवायला पैसे देतात, त्यांचं ठीक आहे. पण रोज वरसोलीच्या वाळूत मासळी वाळवणाऱ्या घरातल्या मुलीने लग्नाआधी आईच्या उन्हाचे पैसे देऊन डाग काढायचे? बाजारातल्या ओळखीच्या मावशींना मी विचारलं. त्या हसल्या. “आमाला ऊन काय नवीन हाय का? पन पोरगी सांजच्याला येतं मदतीला, सकाळी नाय येत. काली होईन म्हनतं.”

इथपर्यंत हा मनाचा विषय होता. पुढचं शरीराचं आहे आणि ते गंभीर आहे.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींच्या किडनीला सूज. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर धागा एका स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचला. त्यात पारा होता. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून फरक पटकन दिसतो. तोच पारा रक्तात जाऊन किडनी खातो. कायद्याने प्रसाधनात दहा लाखांत एक भाग, तोही चुकून आलेला, एवढीच मुभा आहे. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी असे रुग्ण सापडले.

दुसरी भानगड स्टिरॉइडची. मेडिकलमध्ये खाजेसाठी मिळणाऱ्या ट्यूबा चेहरा उजळायला वापरतात. आधी चेहरा तुकतुकीत, मग पातळ, लाल, केस, पुरळ, आणि बंद केलं की आग. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बारा केंद्रांवर केलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टिरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ क्रीम्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तुमच्या घरात बिनचिठ्ठीची ट्यूब असेल, किंवा लेबल नसलेल्या डबीतलं ‘पार्लरवालं’ क्रीम असेल, तर ते लगेच त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. स्टिरॉइड एकदम बंद केलं तर त्रास वाढतो. डबी मात्र जपून ठेवा, तपासायला लागते. हे हात जोडून सांगतो.

गोरेपणाच्या दाव्याच्या जाहिरातींनाच गुन्हा ठरवणारा एक मसुदा केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये काढला होता. १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यात दुरुस्ती, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. लगेच करोना आला. पाट्या तर तुम्ही रोज बघताच.

तर बायोडाटा. ताईला मी फोन केला, म्हटलं ती ओळच काढ, फोटो आहे ना. ती म्हणाली, “तुझं काय जातं बोलायला. ओळ नसली की लोकांना वाटतं काहीतरी लपवतायत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, “मामा, फोटोला फिल्टर आहे, तो आधी काढ म्हणावं आईला.” दोघींचं दोन दिवस वाजलं. फोटो बदलला, ऑफिसच्या सहलीतला घेतला, नागावच्या किनाऱ्यावरचा, भर दुपारचा. वर्णाची ओळ भाचीने पुसली, ताईने परत घातली. काल गटावर पीडीएफ फिरत आली ती उघडून बघितली.

वर्ण – सावळा. शुद्धलेखन बरोबर आहे.